वर्गात गूगल डॉक्स: पाच जणांच्या गटाला उत्तम, शंभरांच्या वर्गाला नाही

गटप्रकल्पाच्या मुखपृष्ठावर पाच नावं असतात आणि लिहिणारे दोघंच असतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सिद्ध मात्र करता येत नाही. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत गूगल डॉक्स (अनेकांना एकाच फाइलवर एकत्र लिहू देणारं ऑनलाइन साधन) वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे: कोणी, कधी, काय लिहिलं याची नोंद फाइल स्वतःच ठेवते. पाच कर्सर एकाच पानावर पळताना दिसणं गमतीचं आहे, पण ती दुय्यम बाब. नोंद कामाला यायची असेल तर फाइल कोणाच्या नावावर आहे आणि परवानगी कोणाला कसली आहे, हे पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं. तिथे ढिलाई झाली तर सत्राच्या शेवटी हातात फक्त नीटनेटकी पीडीएफ उरते.

तेव्हा फाइल शिक्षकाने तयार करावी, विद्यार्थ्यांनी नव्हे. एक नमुना फाइल बनवायची: वर रोल नंबर, नाव आणि कोणता भाग कोणाकडे याचा छोटा तक्ता, खाली प्रकरणांची शीर्षकं 'हेडिंग' शैलीत. मग 'फाइल' मेनूतून 'मेक अ कॉपी' करून गटागणिक एकेक प्रत काढायची आणि नावात विषय व गट क्रमांक घालायचा. बारा गटांना हे वीस मिनिटांचं काम आहे. शेअर करताना प्रत्येकाचा ईमेल पत्ता घालून 'एडिटर' करावं, म्हणजे मजकूर बदलायची परवानगी द्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'एनीवन विथ द लिंक' टाकून मोकळं होण्याचा मोह फार होतो, पण लॉगिन न करता आलेला माणूस गूगलला कुठला तरी 'अनॉनिमस' प्राणी म्हणून दिसतो आणि इतिहासातही अनामिकच राहतो. मूल्यमापनाचा पायाच तिथे निखळतो. शेअरच्या खिडकीत वर दातेरी चाकाचं चिन्ह आहे. त्यात एडिटरांनी परवानग्या बदलाव्यात आणि पुढे शेअर करावं ही मुभा आधीपासून चालू असते. ती बंद करा.

काही वेळा प्रत्येकाला स्वतंत्र प्रत हवी असते, गट नको. गूगल क्लासरूम (गृहपाठ देण्याघेण्याची गूगलची सेवा) असेल तर असाइनमेंटला फाइल जोडताना 'मेक अ कॉपी फॉर इच स्टुडंट' निवडायचं. हे असाइनमेंट देण्याआधीच करावं लागतं, नंतर पर्याय बदलता येत नाही. विद्यार्थ्याने 'टर्न इन' केलं की त्याचं संपादन थांबतं आणि शिक्षकाने परत केल्यावर पुन्हा सुरू होतं. क्लासरूम नसेल तर साधी युक्ती आहे: फाइलच्या पत्त्यात 'एडिट' या इंग्रजी शब्दापासून पुढचं सगळं खोडून तिथे इंग्रजीत 'कॉपी' लिहायचं. ती लिंक उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत काढायलाच सांगितलं जातं, मूळ नमुना सुरक्षित राहतो.

आता इतिहासाबद्दल. 'फाइल'मध्ये 'व्हर्जन हिस्टरी' किंवा कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच. उजवीकडे तारीखवार यादी येते, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि यादीतल्या बाणावर क्लिक केलं की बारीक टप्पेही उलगडतात. हा इतिहास फक्त एडिटरला दिसतो. विद्यार्थ्यांनी स्वतः फाइल बनवून सरांना किंवा मॅडमना 'कमेंटर' केलं असेल, तर मॅडम कमेंट लिहीत बसतील आणि इतिहास त्यांना दिसणारच नाही. शिवाय गूगल जुने बारीक टप्पे कालांतराने एकत्र करून टाकतं. म्हणून आराखडा, पहिला खर्डा, दुरुस्तीनंतरचा खर्डा अशा प्रत्येक टप्प्यावर 'नेम करंट व्हर्जन' वापरून नाव द्यावं. एका डॉक्युमेंटला अशी 40 नावं देता येतात, सत्राला ती भरपूर होतात.

या नोंदीला फसवणं सोपं आहे, आणि बहुतेक वेळा फसवायचा हेतूही नसतो. विद्यार्थी वर्डमध्ये किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहितात आणि शेवटच्या रात्री चिकटवतात. इतिहासात मग आठशे शब्द एका मिनिटात एकाच्याच नावावर उगवतात. फाइलला चिकटवणारा कळतो, लिहिणारा कळत नाही. एकाच्याच लॅपटॉपवर तिघं बसून लिहितात तेव्हाही तेच. दुसरा प्रकार अधिक घातक: गटप्रमुख 'स्वच्छ' फाइल द्यावी म्हणून प्रत काढतो आणि प्रतीची लिंक पाठवतो. प्रतीसोबत इतिहास येत नाही, सगळं शून्यापासून सुरू. कमेंटही वेगळी खूण केल्याशिवाय येत नाहीत. नियम एकच ठेवावा: लेखन याच फाइलमध्ये, सबमिशन याच लिंकवर, पीडीएफ केवळ छपाईसाठी.

रंग मोजून मार्क देऊ नयेत, हेही सांगायला हवं. इतिहास कोणाचे किती शब्द याचा आकडा देत नाही, आणि दिला असता तरी उपयोग बेताचाच. दुसऱ्याचा पाल्हाळ कापून तीनशे शब्द दीडशेवर आणणाऱ्याच्या रंगात जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याचं काम खोडलेल्या ओळींत असतं. तो टप्पा उघडून 'हे का काढलंत?' असं व्हायवात विचारलं की खरी वाटणी दोन मिनिटांत समजते.

अभिप्रायासाठी डॉक्स चांगलं आहे, फक्त जास्त वापरलं तर वाया जातं. 'सजेस्टिंग' मोडमध्ये केलेली प्रत्येक दुरुस्ती सूचना म्हणून दिसते. पानभर साठ सूचना केल्या की विद्यार्थी न वाचता सगळ्या स्वीकारतो आणि लेख शिक्षकाचा होतो. एका परिच्छेदात सूचना करून दाखवाव्यात, बाकी ठिकाणी कमेंटमध्ये प्रश्न विचारावेत: 'या आकड्याचा आधार?', 'हा निष्कर्ष वरच्या तक्त्यातून निघतो का?' कमेंटमध्ये ॲट चिन्ह देऊन पत्ता निवडला की काम त्या विद्यार्थ्याच्या नावावर सोपवण्याचा चौकोन येतो आणि त्याला मेल जातो. 'रिझॉल्व्ह' केलेली कमेंट पुसली जात नाही, वरच्या कमेंटच्या चिन्हातून पुन्हा सापडते. मात्र कमेंट गटातल्या सगळ्यांना दिसते. मार्क आणि एकट्यादुकट्याबद्दलचे शेरे तिथे लिहायचे नाहीत.

प्रत्यक्ष तासाला, वर्गभर एकाच फाइलवर काम करताना मात्र हे साधन लवकर दमतं. एका फाइलवर एका वेळी 100 जण, त्यात नुसतं वाचणारेही आले. आपल्याकडच्या प्रथम वर्षाच्या तुकड्या बघता हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. खरी अडचण त्याच्या कितीतरी आधी येते. वरच्या गटाने चार ओळी लिहिल्या की खालचा मजकूर सरकतो, आणि मोबाइलवर लिहिणाऱ्याचं वाक्य डोळ्यांदेखत पडद्याबाहेर जातं. एकाच तक्त्यात सगळ्या गटांना रांगा देणं हा तर हमखास गोंधळ. ऑक्टोबर 2024 पासून डॉक्समध्ये टॅब आले आहेत. गटागणिक एक टॅब दिला की सरकणं थांबतं. थोडकं लिहायचं असेल तर गूगल स्लाइड्समध्ये गटाला एक स्लाइड देणं त्याहून सुटसुटीत.

टॅबला वेगळी परवानगी देता येत नाही. पाचव्या गटाचा एडिटर दुसऱ्या गटाचा टॅब उडवू शकतो, चुकून का होईना. अशा वेळी कंट्रोल-झेड दाबत बसू नका, ते फक्त स्वतःचीच कृती मागे घेतं. इतिहासातून जुनी आवृत्ती 'रिस्टोअर' केली तर तेवढ्या वेळात इतरांनी लिहिलेलंही फाइलमधून मागे जातं. त्यापेक्षा जुनी आवृत्ती उघडायची, हरवलेला भाग तिथून कॉपी करायचा आणि चालू फाइलमध्ये आणून चिकटवायचा.

दोघांनी एकच वाक्य एकाच वेळी सुधारलं तर काय होतं, हेही वर्गाला दाखवून द्यावं. गूगलचा सर्व्हर प्रत्येक अक्षराची भर आणि प्रत्येक खोड क्रमाने लावतो, कोणाचीच भर टाकून देत नाही. एकाने 'झाली' आणि दुसऱ्याने 'होती' घातलं तर वाक्यात 'झाली होती' किंवा 'होतीझाली' उरतं. यंत्राच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे, अर्थ त्याला कळत नाही. म्हणून परिच्छेदाला लेखक एक, बाकीचे कमेंट करणारे. इंटरनेटशिवाय केलेल्या कामालाही हाच नियम लागतो: नेट आलं की बदल मिसळतात, पण अर्थ जुळेलच असं नाही. ऑफलाइनची सोय संगणकावर क्रोम किंवा एजमध्येच मिळते आणि ती नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते.

मराठीत लिहिणाऱ्या विभागांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवण्याची सर्वत्र चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. फाँट बदलून ती सुटत नाही, कारण आत साठवलेली अक्षरंच देवनागरी नसतात. आधी परिवर्तकातून युनिकोड करावं, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, चुका तिथेच दडतात. फाँटच्या यादीत 'मोअर फाँट्स' आणि तिथे लिपी म्हणून देवनागरी निवडली की मुक्ता, बालू, टिरो देवनागरी मराठी असे पर्याय मिळतात. शोधनिबंधासाठी टिरो मराठी छान: त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. 'टूल्स'मधलं 'व्हॉइस टायपिंग' मराठी ऐकतं आणि बऱ्यापैकी लिहितं, विरामचिन्हं मात्र हाताने घालायची तयारी ठेवावी. छपाईला देताना वर्ड फाइल देऊ नका. दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसला की दुसरा येतो, पानं सरकतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते.

गणित-भौतिकशास्त्रवाल्यांनी इथे फार रमू नये. 'इन्सर्ट'मधला समीकरणांचा संपादक दोन-चार सूत्रांना ठीक आहे. समीकरणांना आपोआप क्रमांक आणि मजकुरात त्यांचा संदर्भ त्याला जमत नाही. तिथे सूत्रांची मांडणी करणारं लाटेक् हवं, म्हणजे ते ब्राउझरमध्ये चालवणारं ओव्हरलीफ. पण त्याच्या मोफत खात्यात मालकाखेरीज एकच सहलेखक आणि इतिहास फक्त शेवटच्या 24 तासांचा, त्यामुळे गटाच्या मूल्यमापनाला ते कुचकामी. गाईड वर्डच वापरत असतील तर प्रबंध वनड्राइव्हवर वर्डमध्येच ठेवलेला बरा. वर्ड ते डॉक्स आणि परत अशा फेऱ्यांत तळटिपा आणि तक्ते दरवेळी थोडे बिघडतात.

गूगल शीट्समध्ये विषयवाटपाची यादी जरूर करावी आणि नाव-विषयाचे रकाने सोडून बाकी भाग 'प्रोटेक्ट' करावा. मार्कांचा रकाना मात्र त्याच फाइलमध्ये लपवून ठेवू नये. नुसतं वाचायची परवानगी असलेलाही प्रत काढून लपवलेला रकाना उघडू शकतो.

राहिला मालकीचा प्रश्न. वैयक्तिक खात्याला 15 जीबी जागा मिळते, त्यातच जीमेल आणि फोटो. 1 जून 2021 नंतर बनवलेल्या डॉक्स फाइलही त्यात मोजल्या जातात, जरी त्या अगदी लहान असल्या. संस्थेच्या खात्यावर बनवलेल्या फाइलची मालकी बाहेरच्या जीमेलला देता येत नाही. खातं बंद करून काढून टाकलं की त्याच्या नावावरच्या फाइलही जाऊ शकतात, म्हणून विभागाचं कायमचं साहित्य 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये ठेवावं. तिथे मालक व्यक्ती नसून संस्था असते. सत्र संपलं की गटांच्या फाइलमध्ये सगळ्या एडिटरांना 'व्ह्यूअर' करा आणि पीडीएफ उतरवून ठेवा. डाउनलोड केलेल्या फाइलसोबत इतिहास येत नाही, त्यामुळे मार्कांबद्दल तक्रारीची मुदत संपेपर्यंत मूळ फाइल ड्राइव्हवरून हलवू नका.