मोनोवी की लेबनन? एकच गाव बघायचं असेल तर

भारतातून आई-बाबा आले की न्यूयॉर्क-नायगारा होतं. मग नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराकडे राहणाऱ्यांना प्रश्न पडतो, की इथलं खरंखुरं खेडं दाखवायचं तर न्यायचं कुठे? मक्याच्या शेतांतून कुठल्याही रस्त्याला लागलं तरी गाव लागतंच, पण निमित्त म्हणून दोन नावं पुढे येतात. एक नेब्रास्कातलं मोनोवी, ज्याची लोकसंख्या एक म्हणून जगभर बातम्या झाल्या. दुसरं कॅन्ससमधलं लेबनन, म्हणजे अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेचा भौगोलिक मध्य. ओमाहाहून दोन्हीकडे साधारण चार तास लागतात, पण एक वायव्येला आणि दुसरं नैऋत्येला. एका दिवसात दोन्ही उरकायचा विचार डोक्यातून काढून टाका.

मोनोवीचं नाव झालं ते लोकसंख्येमुळे, पण मी तिथे जायला सांगेन ते भूगोलासाठी. लेबननचं नेमकं उलटं आहे. नाव भूगोलाचं, आणि बघायची ती ओसरलेली वस्ती.

मोनोवी बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, नायोब्रारा आणि मिसुरी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. १९०२ च्या सुमारास रेल्वे आली आणि गाव वसलं. १९३० च्या दशकात दीडशेच्या आसपास माणसं होती. पुढे पोस्ट बंद पडलं, किराणा दुकानं मिटली, १९७४ मध्ये शाळाही गेली. १९८० च्या जनगणनेत १८ जण, १९९० मध्ये सहा, २००० मध्ये रूडी आणि एल्सी आयलर हे नवरा-बायको दोघंच. २००४ मध्ये रूडी गेले आणि एल्सीबाई एकट्या उरल्या. त्याच महापौर, त्याच कारकून, त्याच खजिनदार, ग्रंथपाल आणि गावातल्या एकमेव टॅव्हर्नच्या, म्हणजे दारू-जेवणाच्या खानावळीच्या, मालकीणही. दारूविक्रीचा परवाना मागणाऱ्या त्या आणि देणाऱ्याही त्याच. टॅव्हर्नशेजारच्या खोलीत रूडींच्या पाचेक हजार पुस्तकांचं वाचनालय आहे. ते चुकवू नका.

२०२० च्या जनगणनेत मात्र मोनोवीत दोन माणसं निघाली. दुसरं कोणी राहायला आलं नव्हतं. व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून अमेरिकी जनगणना खातं छोट्या भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करतं. राज्याची एकूण बेरीज तंतोतंत ठेवतात, पण खाली गाव-वस्तीच्या पातळीवर एखाद-दुसरा इकडचा तिकडे होतो. गावात एकच माणूस असेल तर गावाची आकडेवारी म्हणजे त्या माणसाचं वय, वंश, घर सगळं चव्हाट्यावर. म्हणून कागदावर एक शेजारी मिळाला. लेबननमध्ये त्या जनगणनेत १७८ माणसं होती, त्यांत दोन-चार इकडे-तिकडे झाले असतील तर कळणारही नाही. मोनोवीत मात्र त्याच नियमाने गावाची लोकसंख्या दुप्पट झाली.

आता हे सगळं घरी बसूनही वाचता येतं. प्रत्यक्ष मोनोवीत पोचल्यावर टॅव्हर्न, वाचनालय, रस्त्यावरचे चार दिवे आणि ढासळलेली घरं, एवढंच आहे. अर्ध्या तासात गाव संपतं. खरी मजा मोनोवीवरून जाणाऱ्या हायवे १२ वर आहे. नेब्रास्का म्हणजे पोळपाटासारखी सपाट जमीन, हा समज इथे पुसला जातो. रस्ता चढतो, उतरतो, डोंगरकडांमधून वळतो. पूर्वेला नायोब्रारा गावापाशी स्टेट पार्कच्या टेकडीवरून नायोब्रारा नदी मिसुरीला मिळताना दिसते. पाणी, वाळूची बेटं आणि बोरू असा पसारा पसरलेला असतो. नदी शांत दिसली म्हणून फसू नका. मार्च २०१९ मध्ये बर्फाच्या लाद्यांसकट आलेल्या पुरात वरच्या अंगाचं स्पेन्सर धरण फुटलं आणि याच हायवेवरचा पूल वाहून गेला.

मुलं बरोबर असतील तर मोनोवीचं पारडं आणखी जड होतं. वाटेत रॉयल गावाजवळ ॲशफॉल फॉसिल बेड्स हे जीवाश्मांचं ठिकाण लागतं. सुमारे एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले गेंडे तिथे जिथे पडले तिथेच, अख्ख्या सांगाड्यांनिशी ठेवले आहेत. हिवाळ्यात ते बंद असतं, एवढं पाहून निघा.

लेबननचा मध्यबिंदू १९१८ मध्ये ठरला तो असा: पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवला, कडेने कापला आणि तो कुठे तोलून राहतो ते पाहिलं. झालं, देशाचा मध्य सापडला! त्यात काही मैलांची चूक सहज असणार. शिवाय तो बिंदू पडला एका शेतकऱ्याच्या वराहपालनाच्या जमिनीत. लोकांनी येऊन शेत तुडवू नये म्हणून १९४० च्या सुमारास स्मारक अर्धा मैल लांब बांधलं गेलं. म्हणजे आपण जिथे फोटो काढतो तो मध्य नाहीच. १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई राज्यं झाल्यावर पन्नास राज्यांचा मध्य साउथ डकोटात गेला. आणि लोकसंख्येचा मध्य काढाल तर २०२० मध्ये तो मिसुरी राज्यात हार्टव्हिलजवळ होता. तरी त्या दगडी स्मारकापर्यंत जेमतेम मैलभराचा एक स्वतंत्र राज्य हायवे आहे, के-१९१. शेजारी चार-आठ माणसांपुरतं इवलंसं चॅपल. दहा मिनिटांत तुमचं बघून होतं.

मग तिथून गाडी परत वळवू नका, गावात जा. लेबननमध्ये २०१० मध्ये २१८ माणसं होती, दहा वर्षांत १७८ झाली. ज्या स्मिथ काउंटीत ते आहे तिथे १९०० साली सोळा हजारांवर लोक राहत, आता साडेतीन हजारांच्या जवळपास. मोनोवीत घट होऊन गेली आहे. इथे ती चालू असताना दिसते. गाड्या तिरक्या लावता येतील एवढी रुंद मेन स्ट्रीट, विटांची दुकानं आणि त्यांतली बरीचशी बंद, वर पाण्याची टाकी, आणि सगळ्यांपेक्षा उंच ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं कोठार. धान्य उदंड पिकतं, ते काढायला माणसं मात्र थोडी लागतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याने, एका कुटुंबाला १६० एकर मिळत, आज एकेक शेतकरी हजारो एकर कसतो. घोडागाडीने धान्य घालून दिवसाउजेडी घरी परतता यावं म्हणून रेल्वेने दर काही मैलांवर गावं वसवली होती. ट्रक आले आणि त्यातल्या बऱ्याचशा गावांची गरजच उरली नाही. हे मोनोवीलाही लागू आहे, पण दिसतं लेबननमध्ये. भोवतालचे रस्तेही बघा. मैला-मैलावर काटकोनात आखलेले, चौकोनी वहीच्या पानासारखे.

तेव्हा आई-बाबांना आणि मुलांना घेऊन निघाला असाल तर मोनोवी. एकटे असाल, नकाशांचं वेड असेल किंवा एखादं गाव रिकामं होताना कसं दिसतं हे बघायचं असेल तर लेबनन. तिथून तासाभराच्या आत कॉकर सिटी आहे. तिथल्या एका शेतकऱ्याने १९५३ मध्ये सुतळी गुंडाळायला सुरुवात केली, तो गोळा आता मंडपात ठेवला आहे. मला त्यात फारसं काही वाटत नाही, मुलांना वाटेल.

तीन दिवस असतील तर निवड करायचीच गरज नाही. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, आणि यूएस २८१ लेबननपासून उत्तरेला ग्रँड आयलंडवरून थेट मोनोवीच्या पश्चिमेला स्पेन्सरपर्यंत जातो. मार्चमध्ये गेलात तर ग्रँड आयलंडजवळ प्लॅट नदीवर लाखो सँडहिल क्रौंच पक्षी उतरलेले असतात. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. पेट्रोल याच रस्त्यावरच्या ओनील गावात भरून घ्या. टॅव्हर्न उघडं आहे का, हे निघण्याआधी विचारा. शाकाहारी असाल तर डबा बरोबर हवाच, कारण या वाटेवर जे मिळतं ते बहुतेक बर्गरच्या वळणाचं.