तोशिबा एचडी-ए२ : हरलेल्या फॉरमॅटचा सच्चा प्लेअर

माझी सिडकोत सीडी-डीव्हीडी लायब्ररी होती, म्हणून मेहुण्याने अमेरिकेतून परत येताना हा जुना प्लेअर आणि एचडी डीव्हीडींची पिशवी मलाच आणून दिली. एचडी डीव्हीडी म्हणजे साध्या डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्वच्छ चित्राची डिस्क. तिची लढाई तशाच ब्लू-रे डिस्कशी झाली आणि ती हरली. मशीन तिकडचं, १२० व्होल्टचं. त्यामुळे आधी मेन रोडवरून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला. तो घेतल्याशिवाय कोणीही असलं मशीन आपल्या प्लगला लावू नका.

चित्र फार सुंदर आहे. प्लेअर १०८०आय देतो, म्हणजे चित्राच्या १०८० ओळी एकाआड एक पाठवतो, पुढची जुळवाजुळव टीव्ही करतो. पिक्चरमधले अंधारातले प्रसंग, कापडाचा पोत, पावसाचे थेंब सगळं स्वच्छ दिसतं. शेजारी ब्लू-रे लावून पाहिली, पण खोलीतल्या कोणालाच फरक सांगता आला नाही. पिक्चर चालू असतानाच मेनू वर येतो, कोपऱ्यात दिग्दर्शक बोलताना दिसतो. नेटचं पोर्ट आणि त्या कोपऱ्यातल्या खिडकीची सोय प्रत्येक एचडी डीव्हीडी प्लेअरला पहिल्यापासून सक्तीची होती. सुरुवातीच्या ब्लू-रे प्लेअरांत ही खिडकी नव्हती. शिवाय एचडी डीव्हीडीला रीजन कोडच (डिस्क कुठल्या भागातल्या मशीनवर चालेल ते ठरवणारा आकडा) नाही, कुठल्याही देशातली डिस्क लागते. आपल्याकडच्या रीजन ५ च्या डीव्हीडी मात्र यावर चालत नाहीत, प्लेअर रीजन १ चा, म्हणजे अमेरिकेकडचा आहे.

मग एवढं चांगलं असून हे बंद का पडलं? ब्लू-रेच्या दोन थरांत ५० जीबी मावतात, यात ३०, हे कारण नेहमी सांगतात. मला ते पटत नाही. पिक्चरला ३० पुरत होते. उलट यातला माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल, म्हणून जुन्याच कारखान्यांत थोडे बदल करून डिस्क निघत होत्या. ब्लू-रेचा थर ०.१ मिलिमीटरवर, त्याला नवी यंत्रं लागली. २००७ च्या नोव्हेंबरात वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने हाच ए२ शंभर डॉलरच्या आत विकला. स्वस्ताई एचडी डीव्हीडीच्याच बाजूने होती.

खरं कारण लायब्ररीवाल्याला लगेच कळतं. माझ्याकडे एकच पिक्चर व्हीसीडीतही ठेवावा लागायचा आणि डीव्हीडीतही. भांडवल दुप्पट अडकायचं, फळी तेवढीच. गिऱ्हाईक पिक्चरचं नाव सांगायच्या आधी विचारायचं, "आमच्या मशीनवर चालेल ना?" त्याच्या घरात कुठलं मशीन आहे, यावर माझी फळी ठरायची.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २००६ च्या नोव्हेंबरात सोनीचं प्लेस्टेशन ३ हे गेमचं मशीन आलं, त्यात ब्लू-रे आतच बसवलेलं. गेमसाठी घेणाऱ्याच्या घरात प्लेअर आपोआप आला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेमच्या मशीनला मात्र एचडी डीव्हीडीची ड्राइव्ह वेगळे पैसे देऊन घ्यावी लागायची. २००७ च्या जूनमध्ये ब्लॉकबस्टर या डिस्का भाड्याने देणाऱ्या साखळीने १,४५० दुकानांत या दोन्हींपैकी फक्त ब्लू-रे ठेवायचं जाहीर केलं. मी तर लढाई तिथेच संपली असं म्हणतो. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या पिक्चर कंपनीने ब्लू-रेच धरलं. फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने, जे तेव्हा टपालाने डिस्का भाड्याने देत होतं, आणि पाठोपाठ वॉलमार्टने एचडी डीव्हीडी सोडली. १९ फेब्रुवारीला तोशिबानेच माघार जाहीर केली. बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

आज घ्यावा का? डिस्का जवळ असतील तर जरूर घ्या, त्या वाचणारं दुसरं मशीन सहज मिळत नाही. साधा ब्लू-रे प्लेअर त्यांना ओळखत नाही. ए२ चालू व्हायला वेळ घेतो, तेवढा धीर धरा. जुन्या डिस्का मात्र विकत घेण्याआधी शेवटपर्यंत चालवून बघा. माझ्याकडच्या पिशवीतली एक, ओरखडा नसतानाही, मध्यावर येऊन थांबते. नुसता शोभेसाठी घेत असाल तर नका घेऊ, ज्याच्याकडे डिस्का आहेत त्याच्यासाठी राहू द्या.