लहान मुलांना घेऊन: माथेरान की अलिबाग?

ठाणेकरांना दोन दिवसांच्या सुट्टीत ही दोन नावं हमखास आठवतात. अंतराने दोन्ही जवळचीच. खरा फरक शेवटच्या टप्प्यात पडतो.

माथेरानला कर्जत लोकलने नेरळ, मग टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे खासगी गाड्यांना बंदी. जवळच्या अमन लॉजवरून छोट्या आगगाडीची शटल मिळते, पण सुट्टीत तिच्या तिकिटाला रांग असते. कडेवर पेंगुळलेलं पोर आणि हातात बॅगा असतील, तर हा टप्पा सगळ्या प्रवासापेक्षा जड जातो. बाबागाडी आणूच नका, लाल मातीत आणि दगडांत ती चालत नाही. खाऊही हातात उघडा नको, माकडं तयारच असतात. पण एकदा वर पोहोचलं की हॉर्न नाही, मागून येणारी मोटार नाही. चालायची आवड असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला याहून मोकळी जागा जवळपास नाही. पॉइंटच्या कड्यांपाशी मात्र हात सोडायचा नाही.

अलिबागला गाडी थेट खोलीच्या दारात. पनवेल, पेण, वडखळ. वडखळला कोंडी होऊ शकते, म्हणून पहाटे निघा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट जाता येतं, पण ठाण्याहून आधी मुंबईत उतरावं लागतं. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. वेळ आधी विचारून घ्या.

लंगोट सुटला नसेल तर निमूट अलिबाग. शाळेत जाणारं असेल तर माथेरान, तेही मे महिन्यातला शनिवार-रविवार टाळून.