दारव्ह्यातलं 'झेरॉक्सच्या वरचं' कॉम्प्युटर दुकान: दीडशे रुपयांत गेलेला ओटीपीचा ताप

दुकानाला पाटी आहे, पण उन्हानं इतकी विटली आहे की नाव वाचता येत नाही. सगळे 'झेरॉक्सच्या वरचं' म्हणतात. दारव्ह्याच्या बसस्टँडवरून पायी पाच मिनिटं, मग अरुंद लोखंडी जिना, वर टिनाचं छत. गुडघे दुखत असतील तर खालूनच आवाज द्या, पोरगा उतरून येतो. मी मात्र चढले, सीपीयू पोत्यात गुंडाळून.

माझं काम काय होतं ते सविस्तर सांगते, कारण हाच ताप आणखी कुणाला असणार.

आमच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. ऑफिस म्हणजे गोदामाला लागून एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. ४१२ सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. नाव, गट नंबर, शेअरची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात 'पाहा' अशी लिंक. तिच्यावर क्लिक केलं की वर्षाचे पैसे भरून घेतलेल्या आमच्या वेब सॉफ्टवेअरमध्ये त्या सभासदाचं पान उघडायला पाहिजे, सातबारा आणि पासबुकाच्या फोटोसकट. उघडायचं लॉगिनचं पान. सकाळीच क्रोममध्ये लॉगिन केलेलं, शेजारच्या टॅबमध्ये वर कोपऱ्यात माझं नाव दिसतंय, तरी लिंकवरून गेलं की पुन्हा युजर, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. आणि ओटीपी येतो अध्यक्षांच्या मोबाईलवर. भाऊ कपाशीत फवारणीला, पाठीवर पंप, फोन धुऱ्यावरच्या पिशवीत. चौथ्यांदा फोन लावला तेव्हा म्हणाले, "वहिनी, आत्ताच तं सांगितला ना बाप्पा!" वार्षिक सभा तोंडावर आली होती आणि माझे दिवसाला वीस सभासदही तपासून होत नव्हते.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइननं तीनदा एकच सांगितलं, कॅशे क्लिअर करा. केला. मग आधी दुसऱ्या एका दुकानात नेलं. त्यानं काही न विचारता विंडोज फॉरमॅट मारलं आणि सहाशे रुपये घेतले. घरी आणून पाहते तर मराठी फॉन्ट गेले, प्रिंटर गेला, लॉगिनचं पान मात्र जागच्या जागी.

या दुकानातला पोरगा पंचविशीचा असेल. टेबलावर तीन उघडे लॅपटॉप आणि चहाच्या कपात स्क्रू. त्यानं सीपीयू जोडला आणि माउस माझ्याकडे सरकवला. "ताई, तुमी रोज कसं करता ते करून दाखवा. मी हात नाई लावत."

मी क्लिक केलं. त्याची नजर पानावर नव्हती, वरच्या पत्त्याच्या पट्टीवर होती. "पुन्हा एक डाव." पुन्हा केलं. मग त्याच टॅबमध्ये त्यानं सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानाचा पत्ता टाकला, तर कोपऱ्यात माझं नाव हजर. "पाहा, लॉगिन सुटलंच नाई तुमचं. तुमाले उगाच लॉगिनच्या दारात नेऊन सोडून राह्यलं कोणीतरी."

आधी त्यानं ब्राउझर पाहिला. म्हणे बहुतेकांचं तिथंच अडतं: लॉगिन क्रोममध्ये आणि लिंक उघडते एज या विंडोजच्या ब्राउझरमध्ये, आणि एकाचं लॉगिन दुसऱ्याला कळत नाही. माझ्याकडे दोन्हीकडे क्रोमच होतं. मग 'पाहा'वर राइट क्लिक, एडिट हायपरलिंक, खालच्या चौकटीतला पत्ता कॉपी करून क्रोममध्ये पेस्ट. सभासदाचं पान सरळ उघडलं. "मंग हे एक्सेलचंच काम हाय," म्हणाला.

झालं असं, की एक्सेल, वर्ड किंवा पॉवरपॉइंटमधून वेबची लिंक क्लिक केली की ती नेहमी थेट ब्राउझरकडे जात नाही. समोर ऑफिसमध्येच उघडण्यासारखी फाइल आहे का, हे बघायला ऑफिस आधी स्वतः त्या पत्त्यावर जाऊन येतं. आपण लॉगिन केल्याची खूण म्हणजे कुकी, आणि ती असते क्रोमकडे. एक्सेल रिकाम्या हातानं जातं. सर्व्हर त्याला अनोळखी समजून लॉगिनच्या पानाकडे वळवतो, आणि एक्सेल क्रोमच्या हातात मूळ पत्त्याऐवजी तो वळवलेला पत्ता ठेवतं. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच हे उपायासकट लिहून ठेवलंय, पोरानं मोबाईलवर दाखवलं. मला मात्र कळलं ते त्याच्या बोलण्यातून: "सालदाराले बँकेत धाडलं, पासबुक राह्यलं तुमच्या खिशात. बँकवाला त्याले म्हणते, पासबुक नाई तं तिकडच्या खिडकीवर जा. सालदार वापस येऊन तुमाले खिडकीच सांगते. आन् तुमी पासबुक खिशात ठेवून तिथं रांग लावता."

इलाज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत आहे. हात लावायच्या आधी त्यानं रजिस्ट्रीची प्रत माझ्याच पेनड्राइव्हवर काढून दिली, हे मला फार आवडलं. मग एचकेईवाय लोकल मशीनमध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, ९.०, कॉमन, इंटरनेट असं एकेक फोल्डर उघडत गेला. जे नव्हतं ते तयार केलं. आमचं ऑफिस २०१६ चं, तरी आकडा ९.० च ठेवायचा. शेवटच्या फोल्डरात 'फोर्सशेलएक्झिक्यूट' नावाची डीवर्ड (आकडा ठेवायच्या) प्रकारची किंमत, नावात मधे जागा न सोडता, आणि तिच्यात १. एक्सेल बंद करून उघडलं, क्लिक केलं, आणि पुन्हा लॉगिनचं पान. माझं तोंड पाहून तो हसला. विंडोज चौसष्ट बिटचं, पण त्यातलं ऑफिस बत्तीसचं निघालं. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या खाली 'वाव६४३२नोड' नावाचं फोल्डर असतं, किंमत त्याच्या आतल्या मायक्रोसॉफ्टमध्ये टाकावी लागते. तिथं टाकली. 'पाहा' दाबलं आणि सातबारा समोर. ओळीनं दहा सभासद उघडून पाहिले, एकदाही ओटीपी नाही.

दीडशे रुपये घेतले. फॉन्ट टाकून दिले त्याचे वेगळे नाही.

आता कुरकुर. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं आणि तसं कुठं लिहिलेलं नाही, मी दीड तास खाली झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर काढला. फोन उचलत नाही. बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून दिलं, कंपनीच्या हिशेबाला ते चालत नाही. पुन्हा सांगितल्यावर पावतीपुस्तक शोधलं, ते प्रिंटरखाली सापडलं. शिवाय हा इलाज त्या एका कॉम्प्युटरपुरताच आहे, हे त्यानं पैसे घेतल्यावर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. खरी दुरुस्ती सॉफ्टवेअरवाल्यांनीच करायची आहे: विचारणा ऑफिसकडून आली हे त्यांच्या सर्व्हरला ओळखता येतं, तेव्हा लॉगिनकडे न वळवता साधं पान द्यायचं, की मूळ पत्ता क्रोमपर्यंत पोचतो. हे मी पोराकडून कागदावर लिहून घेतलं आणि त्यांना मेल केला. उत्तर आलं, कॅशे क्लिअर करा.

पाचपैकी चार तारे. एक त्या तीन तासांच्या कुलपासाठी कापला.

सचिवांच्या लॅपटॉपवर हीच रड आहे, तो पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे. त्यात ऑफिसही चौसष्टचं निघालं तर पहिलीच जागा बरोबर ठरेल, असं पोरगा म्हणाला.