क्रिस्टलडिस्कइन्फो की स्मार्टसीटीएल: हार्ड डिस्क कुरकुरायला लागल्यावर कोणाला विचारावं?

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘डिस्क’च्या नावाने लाल-पिवळ्या नोंदी साचायला लागल्या, की मुख्य प्रश्न हा असतो की डिस्क गेली, की नुसती केबल? ७ क्रमांकाची नोंद ‘बॅड ब्लॉक’ म्हणते, ५१ म्हणते पेजिंगच्या वेळी, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवता-काढताना, काहीतरी अडलं, १५३ सांगते की तेच काम पुन्हा करून पाहावं लागलं, आणि ११ कंट्रोलरकडे, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या चिपकडे, बोट दाखवते. यातली ७ सोडली तर बाकीच्या सैल केबलमुळेही येऊ शकतात. विंडोज बिचारं तरी काय करणार? उत्तर वेळेवर आलं नाही किंवा चुकीचं आलं, एवढंच त्याला कळतं. खरा हिशेब डिस्क स्वतःकडे ठेवते, ‘स्मार्ट’ नोंदींमध्ये. तो वाचायला बहुतेक जण दोन प्रोग्रॅमांपैकी एक वापरतात: खिडकीत रंगीत चौकट दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो, नाहीतर आज्ञा टाइप करून चालवायचं स्मार्टसीटीएल. मी दोन्ही वापरली आहेत. पुढचं सगळं साटा केबलने जोडल्या जाणाऱ्या डिस्कबद्दल आहे. एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारच्या डिस्कचा हिशेब वेगळा असतो.

क्रिस्टलडिस्कइन्फोची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. उघडलं की काम झालं. यूएसबी डब्यातली डिस्कसुद्धा ते बहुतेक वेळा आपण होऊन ओळखतं. तिथे स्मार्टसीटीएलला कधीकधी डब्याचा प्रकार हाताने सांगावा लागतो, आणि काही डबे तर ही माहिती पुढे जाऊच देत नाहीत. क्रिस्टलमधले कच्चे आकडे मुळात हेक्सामध्ये (सोळाच्या आधाराने लिहिलेले) असतात म्हणून लोक वैतागतात (मेन्यूतून ते दशमान करता येतात), पण सीगेटच्या डिस्कवर मला ते उलट सोयीचं वाटतं. सीक एरर रेटचा, म्हणजे वाचणारा हात जागेवर नेताना झालेल्या चुकांचा, आकडा दशमानात कोटींच्या घरात दिसतो आणि नवखा माणूस हादरतो. प्रत्यक्षात त्या आकड्यात चुकांबरोबर एकूण हालचालींची संख्याही गुंफलेली असते. हेक्सामधल्या बारापैकी डावीकडचे चार अंक शून्य असले, तर त्या बाबतीत चिंता नाही.

मग खटकलं काय? डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या चौकटीचा तो रंग. ०५, सी५ आणि सी६, म्हणजे बदललेले, टांगणीवर असलेले आणि दुरुस्त न होणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), यांपैकी कुठेही शून्याच्या वर आकडा गेला की चौकट पिवळी होते. हे योग्यच आहे, पण ही चूक कधी झाली, ते पिवळा रंग सांगत नाही. बदललेल्या सेक्टरांचा आकडा खाली येत नाही, त्यामुळे कालची जखम आणि दोन वर्षांपूर्वीचा व्रण अगदी सारखेच दिसतात. क्रिस्टलमध्ये आलेख आहे, मान्य. पण तो तुम्ही प्रोग्रॅम बसवल्यानंतरचा. आपण असले प्रोग्रॅम बसवतो ते गडबड सुरू झाल्यावर.

आणि ‘कधी’ हा प्रश्न किरकोळ नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट जास्त आढळली होती. म्हणजे गेल्या आठवड्यातली चूक वेगळी, आणि त्यानंतर हजारो तास शांतपणे चाललेली डिस्क वेगळी.

स्मार्टसीटीएल इथे मला पटलं. ते डिस्कच्या आतली एरर लॉग जशीच्या तशी समोर ठेवतं. साध्या लॉगमध्ये शेवटच्या पाच चुका असतात. प्रत्येकीपुढे सेक्टरचा पत्ता, त्या वेळी डिस्क एकूण किती तास चाललेली होती तो आकडा, आणि एक छोटी खूण. ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला तो भाग वाचताच आला नाही. ‘आयसीआरसी’ असेल तर माहिती वाटेत बिघडली, म्हणजे आधी केबल बघा.

माझ्याकडच्या एका दुय्यम डिस्कची चौकट पिवळी होती: बदललेले सेक्टर आठ, टांगणीवर शून्य. ४०९६ बाइटच्या सेक्टरवाल्या डिस्कवर आठ म्हणजे बहुधा एकच खरा सेक्टर. लॉगमधल्या सगळ्या यूएनसी एकाच तासातल्या निघाल्या, आणि तो तासही फार जुना. लांब सेल्फ-टेस्ट लावली, ती निर्वेध पार पडली. डिस्क अजून वापरात आहे, अर्थात बॅकअपसह. दुसऱ्या एका मशीनवर उलटी गंमत होती. १५३च्या नोंदींचा पाऊस, आणि क्रिस्टलची चौकट निळीशार. सी७ हा केबलचा आकडा फुगलेला होता, पण रंग ठरवताना तो धरला जात नाही. लॉगमध्ये ताज्या तासांच्या आयसीआरसी होत्या. केबल बदलली आणि आकडा तिथेच थांबला.

स्मार्टसीटीएलही काही संत नाही. त्याच्या वरच्या ओळीतला ‘पास्ड’ हा शेरा तर क्रिस्टलच्या रंगापेक्षाही फसवा आहे: टांगणीवर सेक्टर असतानाही तो खुशाल येतो, कारण तो कंपनीने ठरवलेल्या मर्यादांवर चालतो. ती ओळ मी वाचतच नाही. काळ्या खिडकीत टाइप करायचं जिवावर येत असेल तर जीस्मार्टकंट्रोल घ्या. आत स्मार्टसीटीएलच आहे, बाहेरून बटणं. लॉग वेगळ्या टॅबमध्ये मिळते आणि सेल्फ-टेस्टही तिथूनच लावता येते.

एवढंच की, डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर यातलं काहीच चालवू नका. लांब टेस्ट प्रत्येक सेक्टर वाचते, आणि विंडोजची चेकडिस्क तर दुरुस्ती करताना वर लिहायलाही जाते. आधी डीडीरेस्क्यू या माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. रोजच्या धावत्या नजरेला क्रिस्टल पुरतं, तसं ते माझ्याही मशीनवर कोपऱ्यात बसलेलं आहे. पण ‘ही डिस्क ठेवू की काढू’ असं कोणी विचारलं, तर मी त्याच्याकडून आधी स्मार्टसीटीएलची एरर लॉग मागवतो.