टीबीच्या गोळ्यांची व्हिडिओ सर्व्हिस, सहा महिने वापरून: तीन स्टार

भावाला फुफ्फुसाचा टीबी निघाला तेव्हा ही सर्व्हिस लावून दिली. रोज मोबाईलसमोर बसायचं, गोळ्या तळहातावर दाखवायच्या, गिळायच्या, मग तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची आणि व्हिडिओ पाठवायचा. रोज केंद्रावर जाऊन कोणासमोर तरी गोळी घ्यायचा हेलपाटा वाचला हे मान्य, डब्ल्यूएचओनेपण २०१७ मध्ये व्हिडिओला हो म्हटलंय, ॲपही कधी अडकलं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात भाऊ बाथरूममधून पांढराफटक होऊन बाहेर, लघवीतून रक्त जातंय म्हणे. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी केशरी होतेच, साधी गोष्ट, पण ॲपमध्ये कुठे लिहिलेलं नाही आणि विचारायला जागाच नाही, व्हिडिओ गेला की हिरवी टिक, विषय संपला. शेवटी फॉलोअपच्या सिस्टरना फोन लावला, त्या म्हणाल्या अहो औषधाचा रंग आहे तो, आणि मग स्वतःहून विचारलं, जेवण जातंय का, झोप लागते का? तीनपैकी दोन स्टार त्यांचेच.

जोन ट्रॉन्टो नावाच्या विचारवंत बाईंनी १९९३ मध्ये काळजीच्या चार पायऱ्या मांडल्यात, गरज ओळखणं, ती अंगावर घेणं, काम नीट करणं, आणि चौथी म्हणजे ज्याच्यासाठी केलं त्याला ते पोचलं का हे त्याच्याकडूनच ऐकणं. आमची सर्व्हिस तिसरीवरच बसलीय. अर्धवट औषध सोडलं की जंतू औषधाला दाद देत नाहीत आणि टीबी दुसऱ्यालाही लागतो, त्यामुळे नजर ठेवण्यावर माझा राग नाही. पण ज्या दिवशी भाऊ सकाळपासून उलट्या करत होता त्या दिवशीही लाल फुली आणि ‘आपण औषध घेतलेले नाही’ हा मेसेज? का घेतलं नाही हे विचारणारं एक बटण तरी टाका की.

आणि वहिनी तर यांच्या हिशोबातच नाही. अलार्म तिचा, मोबाईल धरणार ती, मळमळलं की बादली घेऊन पळणार ती, पहिला महिना बिनपगारी रजा तिचीच. जगात बिनपगारी काळजीच्या कामातलं ७६ टक्के बायका करतात असं आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, २०१८ चा अहवाल सांगतो, फॉर्मवर मात्र तिच्यासाठी एकच रकाना, ‘पर्यायी संपर्क क्रमांक’.

घ्यायची तर घ्या सर्व्हिस, फक्त सिस्टरांचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या, ॲपमध्ये तो सापडत नाही.