राउटरला डिस्क, तयार नॅस की जुना पीसी?

घरातले फोटो, कागदपत्रांचे स्कॅन आणि सिनेमे एका जागी राहावेत, सगळ्यांना ते नेटवर्कवरून उघडता यावेत आणि लॅपटॉपचा बॅकअपही आपोआप तिथेच जावा, यासाठी घरगुती पातळीवर तीन वाटा आहेत. राउटरच्या यूएसबी पोर्टात हार्ड डिस्क खोचायची, दोन-चार डिस्कचं तयार नॅस (नेटवर्कला जोडायचं साठवणीचं खोकं) घ्यायचं, किंवा पडून असलेल्या पीसीवर नॅसची प्रणाली चढवायची. अशा तुलना सहसा वेगापासून सुरू होतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: खोकं बंद पडलं त्या दिवशी आतला डेटा कुठे वाचता येईल, आणि ते काम घरात कोण करेल?

तरी वेगाचं आधी उरकून घेऊ. गिगाबिट लॅनवर कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट आणि प्रत्यक्षात ११०च्या आसपास मिळतात. साधी फिरती डिस्क हे सहज पेलते, त्यामुळे तयार नॅस आणि जुना पीसी यांत इथे फरक पडत नाही. फोर-के ब्लू-रे डिस्कचा प्रवाहही सेकंदाला २० मेगाबाइटच्या आतच असतो. खरा अडसर भलतीकडेच निघतो. लॅन केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असली, की जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरू शकते. कुठलीही सूचना येत नाही, आणि जो एक टेराबाइट अडीच तासांत जायचा त्याला अख्खा दिवस लागतो. नवीन खोकं घेण्याआधी कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दाखवतोय का ते बघा. पहिला मोठा बॅकअप तर वाय-फायवरून करूच नका.

राउटरला डिस्क

ही सगळ्यात स्वस्त वाट. वेगळं यंत्र नाही, विजेचा भार जेमतेम. राउटर गेला तर डिस्क काढायची, लॅपटॉपला लावायची, काम झालं. परत मिळवण्याच्या कसोटीवर हिच्याइतकं सोपं काही नाही.

पण राउटरचा प्रोसेसर या कामासाठी नसतो, त्यामुळे फायली रखडत जातात. डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर चार गिगाबाइटच्या वरची फाइल बसतच नाही, म्हणजे मोठा सिनेमा गेला. त्याहून गंभीर म्हणजे बरेच जुने राउटर एसएमबीची (नेटवर्कवरून फायली उघडून देणाऱ्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या भोकातून, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विंडोज १०ने तिला निवृत्त करायला सुरुवात केली. राउटरच्या माहितीपुस्तिकेत ‘विंडोजमध्ये एसएमबी१ चालू करा’ असं लिहिलेलं दिसलं, की हा पर्याय तिथेच सोडा. एरवी सिनेमे-गाण्यांसाठी तो चालेल. फोटोंची एकमेव प्रत तिथे नको.

तयार नॅस

सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरेंची खोकी याच कामासाठी बनवलेली असतात. दोन डिस्क टाका, मिरर (दोन्हींवर तोच डेटा) निवडा, एक गेली तरी दुसरीवर घर चालू. फोनमधले फोटो अ‍ॅपमधून आपोआप चढतात, मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपसाठी वेगळा शेअर करता येतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे ठरावीक वेळची स्थिती टिपून ठेवण्याची सोय असते. चुकून उडवलेलं फोल्डर आदल्या दिवशीच्या स्थितीत परत आणता येतं, ही गोष्ट मला मिररपेक्षाही मोलाची वाटते. कारण मिरर डिस्कच्या बिघाडापासून वाचवतो, माणसाच्या हातापासून नाही. इकडे डिलीट केलं की तिकडेही त्याच क्षणी डिलीट.

सिनेमांसाठी मॉडेल निवडताना आधी आपला टीव्ही काय काय वाचतो ते बघा. टीव्ही एच.२६५ हे व्हिडिओचं स्वरूप स्वतः चालवत असेल तर नॅसला फक्त फाइल पाठवायची असते आणि साधा एआरएम प्रोसेसरही पुरतो. जेलिफिन किंवा प्लेक्स या सिनेमे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला चालू सिनेमा दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवावा लागणार असेल, तर मात्र क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याची अंगभूत सोय) असलेला इंटेल प्रोसेसर हवा.

आता दुसरी बाजू. एक, तुम्ही कंपनीच्या धोरणाला बांधले जाता. २०२५ मध्ये सिनॉलॉजीने प्लस मालिकेच्या नव्या खोक्यांना आपल्याच किंवा आपण प्रमाणित केलेल्या डिस्कची अट घातली आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली. दोन, ही खोकी इंटरनेटवर थेट उघडी ठेवली की हल्लेखोरांना आयती सापडतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅपच्या यंत्रांवरच्या फायली कुलूपबंद केल्या. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कच्या अनेक मालकांचा डेटा पुसला गेला, आणि त्या यंत्राला २०१५ नंतर अपडेटच आलेलं नव्हतं. बाहेरून फायली हव्याच असतील तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता) लावा, नॅसपर्यंत थेट पोचवणारा पोर्ट राउटरवर उघडू नका.

आणि खोकं मेलं तर? सिनॉलॉजीच्या डिस्क लिनक्सच्या पीसीला जोडून वाचता येतात, त्याची कृती कंपनीच देते. जमतं, पण कमांड टाइप कराव्या लागतात. बहुतेक लोक शेवटी त्याच कंपनीचं दुसरं खोकं आणतात.

जुना पीसी

ट्रूनॅस (२०२० पर्यंतचं फ्रीनॅस) आणि डेबियन लिनक्सवर उभं असलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट या नॅसच्या प्रणाली फुकट, अनरेड विकत. तांत्रिकदृष्ट्या ही वाट सगळ्यात दणकट. ट्रूनॅसमधली झेडएफएस ही फाइल प्रणाली डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे हळूहळू किडलेली फाइल वाचताना पकडली जाते. मदरबोर्ड जळाला तर डिस्क झेडएफएस असलेल्या कुठल्याही यंत्राला लावा, पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) आयात होतो. अनरेडमध्ये प्रत्येक डेटा डिस्क स्वतंत्र वाचता येते, आणि वेगवेगळ्या आकाराच्या जुन्या डिस्कही चालतात, फक्त पॅरिटीची (गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करणारी) डिस्क त्यांतल्या सगळ्यात मोठीइतकी तरी हवी.

खटकतं ते वीजबिल. सतत ६० वॅट खाणारा पीसी वर्षाला सुमारे ५२५ युनिट घेतो. २० वॅटचं नॅस १७५. शिवाय अपडेट, यूएसबी केबलने जोडलेला यूपीएस, वापरकर्त्यांच्या परवानग्या हे सगळं बघणारा एक माणूस लागतो. तो शिकायला किंवा नोकरीला परगावी गेला की घरच्यांना पासवर्डसुद्धा सापडत नाही. मधला मार्ग म्हणून रास्पबेरी पाय ४ किंवा त्यापुढचं बोर्ड ठीक आहे. पूर्ण गिगाबिट आणि यूएसबी ३ आहे, वीज कमी. फक्त डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा द्या.

डिस्क घेताना तपशिलात सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) लिहिलंय का ते पाहा. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्ल्यूडी रेड डिस्क एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या, निघाल्या होत्या. गेलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क घातली की पुनर्बांधणी फार रेंगाळते.

माझा कौल असा: घरात यंत्रात रमणारं कुणी नसेल, तर दोन डिस्कचं तयार नॅस, मिरर आणि स्नॅपशॉट चालू, बाहेरचा पोर्ट बंद. असं कुणी असेल आणि त्याला ही हौस दीर्घकाळ पुरणार असेल, तरच पीसीवर मुख्य साठवण करावी. एरवी त्या पीसीला दुसऱ्या प्रतीच्या कामाला लावा: आठवड्यातून एकदा चालू करायचा, नॅसवरचे फोटो आणि कागदपत्रं स्नॅपशॉटसकट उतरवून घ्यायची आणि बंद करून प्लग काढून ठेवायचा. बिलाची चिंता मिटते, आणि खंडणीखोर व्हायरसला बंद यंत्रापर्यंत पोचता येत नाही.